ठासणीची जुनी बंदूक : उडवावी की भिंतीवरच राहू द्यावी?

अडगळ (रविवार, रात्री ९:१२)
आजोबांची ठासणीची बंदूक (दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची ती) वाटणीत माझ्याकडे आली. कागदपत्रं रीतसर केली आहेत, परवान्यावर चढवून घेतली आहे, त्यामुळे कायद्याचा कीस इथे पाडू नये ही विनंती. (पाडणार आहातच, माहीत आहे.)

टोपीची बंदूक आहे, म्हणजे घोड्याचा (ठोका मारणाऱ्या हातोडीचा) दणका बसला की पेटणारी छोटी टोपी लावून उडवायची. नळी ३९ इंच, दस्त्याला नळी आवळणारे तीन पट्टे. घोड्याशेजारच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ असं कोरलंय, खाली साल आहे पण शेवटचे दोन आकडे पुसट झालेत. ठासायचा गज जागेवर आहे. घोडा अजूनही खटकन् बसतो. लहानपणापासून ही भिंतीवरच पाहिली, कुणी उडवलेली पाहिली नाही.

प्रश्न साधा आहे. अशी बंदूक उडवून बघावी का? एकदाच, नीट माहितगाराच्या देखरेखीखाली. की हे खूळ सोडून द्यावं? कुणी प्रत्यक्ष उडवली असेल तर अनुभव लिहा.

उंटावरचा शहाणा (रविवार, रात्री ९:२०)
उडवा. आधी मृत्युपत्र करा, म्हणजे पुढच्या वाटणीत कुणाकडे जायची ते ठरेल. हलके घ्या.

इतिहासवेडा (रविवार, रात्री ९:४१)
तीन पट्टे आणि ३९ इंच नळी म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड असणार! हीच ती, जिच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी. आत दारू आणि गोळी, बाहेरून चरबी. शिपायाने ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. चरबी गाईची आणि डुकराची आहे अशी वदंता पसरली आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

नळीत टॉर्च मारून बघा, आत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) आहेत का. एनफिल्डला तीन रुंद आटे असतात. नळी आतून गुळगुळीत असेल तर गोष्ट आणखी रंजक आहे, कारण बंडानंतर देशी पलटणींना मुद्दाम बिनआट्यांच्या बंदुका दिल्या गेल्या. दिसायला तशाच, पण पल्ला कमी. विश्वास उडाला की बंदुकीचे आटेही जातात.

रंजक (रविवार, रात्री १०:०५)
वर माझं नाव विशेषण म्हणून वापरलेलं पाहून आलो. :)

मी गेली अकरा वर्षं ठासणीच्या बंदुका उडवतोय, क्लबात, निशाणावर. सविस्तर लिहीन, पण त्याआधी अडगळराव, एक प्रश्न. ती भरलेली नाही हे तुम्ही तपासलंय का?

आणि इतिहासवेडा, नळीत टॉर्च मारून डोळा लावा असं कुणालाही सांगू नका. कधीच.

अडगळ (रविवार, रात्री १०:११)
रंजकराव, साठ-सत्तर वर्षं भिंतीवर आहे हो. भरलेली कशी असेल? टोपीही नाही तिच्यावर.

रंजक (रविवार, रात्री १०:३४)
टोपी नसणं म्हणजे रिकामी असणं नव्हे. आजच्या काडतुसाच्या बंदुकीचं तोंड मागून उघडून बघता येतं. हिचं मागचं तोंड कायमचं बंद. आत काय आहे ते बाहेरून कळायला काहीच वाव नाही आणि म्हणून या बंदुका भरलेल्या राहून जातात. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर (१८६३) रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्या, त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. निम्म्यांत एकावर एक दोन बार. एकीत तेवीस! बिचारा गोंधळात नुसता ठासत राहिला, बार उडतोय की नाही याचं भान नाही. तेही रोज बंदूक हाताळणाऱ्यांचं.

काळी दारू कोरडी राहिली तर सत्तर वर्षांनीही पेटते. तपासायची रीत सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे, पण उद्या उजेडात करा. घोडा पाडलेला, निपलवर (टोपी बसते त्या छोट्या नळकांड्यावर) टोपी नाही, नळीचं तोंड निर्धोक दिशेला, आणि तुमचं तोंड नळीसमोर नाही. गज हळूच आत सोडा. टेकला की नळीच्या तोंडाशी त्यावर पेन्सिलने खूण करा. आता गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावा, खूण तोंडाशी. रिकामी असेल तर गजाचं टोक निपलपाशी पोचेल. अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे.

सखू_ऑनलाइन (सोमवार, सकाळी ७:५०)
वाचतेय. बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण ‘निपल’ला मराठी शब्द नाही का?

उंटावरचा शहाणा (सोमवार, सकाळी ८:०२)
सखूताई, शोधायला जाऊ नका, धागा उडेल.

नानाकाका (सोमवार, सकाळी ८:४५)
आमच्याकडे ‘बोंड’ म्हणत. टोपीला ‘केप’. नळीच्या बुडाशी जे भोक असतं तो ‘कान’. तोफांच्या कानांत खिळे ठोकले असं बखरींत वाचता ना, तोच कान. तिथे टाकायच्या चिमूटभर बारीक दारूला ‘रंजक’, ज्यावरून आपल्या वरच्या सभासदांनी नाव घेतलंय. रंजक भुस्सकन् उडायची आणि आतला बार तसाच. त्याला ‘फुसका बार’ म्हणत. आजकालच्या पोरांना तो राजकारणातला शब्द वाटतो.

रंजक (सोमवार, दुपारी १:१५)
नानाकाका, दंडवत.

आता अनुभव. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक झालं तर सांभाळून घ्या.

ठासणीची बंदूक उडवणं म्हणजे नव्वद टक्के भरणं आणि धुणं. उडवणं मधे डोळ्याची पापणी लवावी इतकंच. मी निशाणावर असा भरतो. दारूच्या भांड्यातून आधी मापात, मग मापातून नळीत. भांड्यातून थेट नळीत कधीच नाही. आधीच्या बारातली ठिणगी आत धुमसत असेल तर चमचाभर दारू भुर्रकन् जाईल, भुवया जातील. भांडं पेटलं तर हात जाईल. मग तेलकट कापडाची चकती, तिच्यात शिशाची गोळी, छोट्या दांड्याने तोंडातून आत ढकलायची आणि गजाने थेट दारूवर बसेपर्यंत न्यायची. बसली की हाताला कळतं, मऊ दाबून घट्ट होतं. गजावर माझ्या दोन खुणा आहेत, एक ‘रिकामी’ची, एक ‘भरलेली’ची. भरलेलीची खूण तोंडाशी आली नाही तर गोळी मधेच अडकली आहे. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली की नळी फुगते, कधी फाटते. ‘ठासून’ हा शब्द यावरून आला की नाही ते भाषावाल्यांनी सांगावं, पण ठासायचं ते ठासूनच.

मग निशाणाच्या ओट्यावर जाऊन, तोंड निशाणाकडे ठेवून टोपी. आधी टोपी कधीच नाही.

चाप ओढला की ठक्, मग धडाम्, आणि पांढरा धूर. खांद्याला धक्का आधुनिक बंदुकीसारखा टोचत नाही, कुणीतरी उशीने ढकलल्यासारखा येतो. वारा नसेल तर गोळी कुठे लागली ते बघायला धूर विरेपर्यंत थांबावं लागतं. आणि बार नाहीच उडाला तर बंदूक खाली आणायची नाही. निशाणाकडेच रोखून मनात साठ आकडे मोजायचे. एकदा मी चाळिसाव्या आकड्याला कंटाळलो होतो, शेजारच्या म्हाताऱ्याने माझं मनगट धरून ठेवलं. काही झालं नाही तेव्हा. मनगट मात्र लक्षात आहे.

शंकेखोर (सोमवार, दुपारी १:४०)
इतका खटाटोप करून नेम लागतो का?

रंजक (सोमवार, दुपारी २:०१)
लागतो, भरपूर. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा होतात. ५० मीटर, १०० मीटर. तीस मिनिटांत तेरा बार, त्यातले सर्वोत्तम दहा धरतात. जुन्या अस्सल बंदुकांचा वेगळा गट आणि नव्या प्रतिकृतींचा वेगळा. तोड्याच्या (जळत्या वातीने पेटवायच्या) बंदुकीच्या स्पर्धेचं नाव ‘तानेगाशिमा’, जपानमधल्या ज्या बेटावर १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर अशी बंदूक पहिल्यांदा उतरली त्या बेटावरून.

माझे पराक्रम विचारू नका. एका स्पर्धेत दारू न घालताच गोळी ठासली. सगळ्यांच्या देखत अर्धा तास गोळी उपसत बसलो. आमच्या क्लबात म्हणतात, दोन प्रकारचे लोक असतात. ज्यांनी हे केलंय आणि जे कबूल करत नाहीत.

तिसरी घंटा (सोमवार, दुपारी २:३०)
दारू विसरणारा सभासद या संकेतस्थळावर पहिल्यांदाच पाहिला.

मुक्ता_धातू (सोमवार, सायंकाळी ६:२०)
रंजक यांच्या लिखाणाबद्दल पूर्ण आदर ठेवून मूळ प्रश्नाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. मी धातूंच्या बिघाडांचा अभ्यास करते, पोटापाण्यासाठी.

१८५० च्या सुमाराची नळी आजच्या पोलादाची नसते. घडीव लोखंड असतं. तापवून, गुंडाळून, ठोकून सांधलेलं. त्यात धातुमळीच्या बारीक रेषा लांबच्या लांब जातात. नवीन असताना चालायचं, कारण काळ्या दारूचा दाब मर्यादित असतो. पण ही दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू न होता राख आणि क्षार म्हणून आतच उरतो. तो हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड खातो. सगळ्यात जास्त खातो बुडाशी, जिथे दाबही सगळ्यात जास्त. वरून नळी आरशासारखी असेल, आणि बुडाच्या स्क्रूच्या आट्यांत खोल खड्डा असेल. डोळ्यांना दिसत नाही.

आणि बिनधुराची आधुनिक दारू यात घालायचा विचारही करू नये. १८८४ मध्ये पॉल व्हिएलने ती केली, म्हणजे ही बंदूक बनली तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. काळी दारू कोंडली तरी जवळपास आपल्याच वेगाने जळते. आधुनिक दारू जितकी कोंडाल तितकी चवताळते. मापाला तेवढीच घातली तर नळीचं केळ्याच्या सालीसारखं होतं. मी तशी एक पाहिली आहे, प्रयोगशाळेत टेबलावर. सोबत तिच्या मालकाच्या डाव्या हाताचा अहवालही होता.

रंजक (सोमवार, सायंकाळी ७:०५)
ताई, आधुनिक दारूबद्दल शंभर टक्के सहमत. पण ‘जुनी म्हणजे नकोच’ याला हरकत. माझ्याकडची एक १८६० च्या आसपासची आहे. बुडाचा स्क्रू जाणकाराकडून उघडून तपासून घेतला, आतून कॅमेऱ्याने पाहिली, दूर बांधून दोरीने चाप ओढून पाहिला. लष्करी बार ७० ग्रेनचा, म्हणजे साडेचार ग्रॅम. मी त्याहून बराच कमी भरतो. वर्षातून चार वेळा उडवतो. न उडवलेली बंदूक म्हणजे नुसतं फर्निचर.

मुक्ता_धातू (सोमवार, सायंकाळी ७:३१)
एकदा दोरीने उडवून ती फुटली नाही, यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या वेळी फुटली नाही. तडा प्रत्येक बारागणिक वाढतो. आणि फर्निचरने कुणाचा हात गेल्याचं ऐकलं नाही.

उंटावरचा शहाणा (सोमवार, सायंकाळी ७:३३)
आमच्या सोफ्याखाली करंगळी आपटून पाहा.

कलम_कसाई (सोमवार, रात्री ८:१०)
कीस पाडू नका म्हटलंय म्हणून थोडाच पाडतो. भारतातल्या वाचकांचा एक नेहमीचा गैरसमज, ‘जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही’. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ नीट वाचा. जुनाट घडणीचं, पुराणवस्तूच्या मोलाचं किंवा मोडकं शस्त्र वगळलंय, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही उडू शकता कामा नये. ज्या बंदुकीचा घोडा खटकन् बसतो ती यात बसत नाही. धागाकर्त्यांनी परवाना केला ते योग्यच. त्याच कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका, वारशाने आलेली धरून.

ज्यांना परदेशी नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायची हौस असेल त्यांनी १९७२ चा पुरावशेष कायदा बघावा. शंभर वर्षांवरची वस्तू अशी बाहेर नेता येत नाही.

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीची असेल तर संघीय कायद्याच्या लेखी ती साधारण ‘बंदूक’च नाही, राज्यांचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये शोभेची वस्तू म्हणून ठेवाल तोवर सवलत, उडवायची म्हणालात की प्रमाणपत्र. म्हणजे तिथे वस्तू तीच, मालकाचा मनसुबा बदलला की कायदा बदलतो. मला हे फार आवडतं.

शंकेखोर (सोमवार, रात्री ८:२५)
काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक ना? घरी करता येईल का?

रंजक (सोमवार, रात्री ८:२७)
नाही.

मुक्ता_धातू (सोमवार, रात्री ८:२७)
नाही.

कलम_कसाई (सोमवार, रात्री ८:२९)
नाही, आणि विचारलंत हेही पुसून टाका.

इतिहासवेडा (सोमवार, रात्री ९:००)
वातावरण निवळावं म्हणून एक अवांतर. टोपीच्या बंदुकीमागची युक्ती शोधली कुणी? स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याने, अलेक्झांडर फॉर्साइथ. त्याला बदकं मारायचा नाद. गारेच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीत आधी रंजक भडकते, मग बार उडतो. बदकं ती भडक बघून उडून जायची. पाद्रीबुवांनी ठोका बसताच पेटणारं रसायन वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. अडगळ यांच्या बंदुकीवरची टोपी ही त्याच युक्तीची नात. साऱ्या जगाची सैन्यं बदलली, मुळात का, तर बदकं चलाख होती.

अडगळ (सोमवार, रात्री ९:३०)
सगळ्यांचे आभार. आज घरी यायला उशीर झाला, गजाचं उद्या बघतो. मधल्या वेळात नळी आणि ती ‘टॉवर’वाली पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून घेतली. काय चकाकतेय! फोटो टाकतो.

नानाकाका (सोमवार, रात्री ९:३४)
अरेरे.

इतिहासवेडा (सोमवार, रात्री ९:३५)
सालाचे पुसट आकडे होते ना तिथे??

अडगळ (सोमवार, रात्री ९:४०)
होते.

नानाकाका (सोमवार, रात्री ९:५२)
बाळा, ती काळपट तांबूस कळा यायला दीडशे वर्षं लागतात आणि जायला दहा मिनिटं. जाणकार आधी तीच बघतो. गंज धरला असेल तर पातळ तेल, मऊ फडकं आणि धीर. लाकडाला थोडं जवसाचं तेल. बस्स. पेपर नाही, लिंबू नाही, भांडी घासायची पूड तर नाहीच नाही. बरं, झालं ते झालं. घोड्यावर आणि पट्ट्यांवर हात फिरवला नसशील तर तिथेच थांब.

रंजक (सोमवार, रात्री १०:१०)
न तपासलेली बंदूक मांडीवर घेऊन तासभर घासलीत. गज आधी, अडगळराव, गज.

अडगळ (मंगळवार, सायंकाळी ५:४८)
टाकला गज.

बाहेरून नळीच्या तोंडापासून निपलपर्यंत ३९ इंच. आत गज साडेछत्तीसलाच टेकतो. तीनदा केलं. अडीच इंचांचा फरक आहे.

रंजक (मंगळवार, सायंकाळी ५:५१)
खाली ठेवा. तोंड मोकळ्या भिंतीकडे किंवा जमिनीकडे, घरातलं कुणी त्या बाजूला नाही असं. घोड्याला हात लावू नका.

सखू_ऑनलाइन (मंगळवार, सायंकाळी ५:५५)
माझ्याच पोटात गोळा आला.

शंकेखोर (मंगळवार, सायंकाळी ६:१०)
कुंभारमाशीचं घरही असू शकतं ना? आमच्या जुन्या बासरीत निघालं होतं. उगाच घाबरवू नका.

रंजक (मंगळवार, सायंकाळी ६:२२)
असू शकतं. चिंधी, गंजाचा थर, मुलांनी टाकलेला दगड, काहीही असू शकतं. पण अडीच इंच म्हणजे दारू, बोळा आणि छर्रे यांची जी उंची होते साधारण तेवढंच आहे. उघडून बघेपर्यंत ती भरलेली धरायची.

काय करू नये ते सांगतो, कारण हुशार लोक नेमकं तेच करतात. तापवायची नाही. ड्रिल घालायचं नाही. पाना लावून बूड उघडायचं नाही. ‘टोपी लावून उडवूनच टाकू’ म्हणायचं तर मुळीच नाही, दोन बार असले तर? पाणी ओतून झालं काम असंही समजू नका, दारू वाळली की पुन्हा पेटू शकते. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन करा, भरलेली असल्याचा संशय आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि न्यायची की तो येईल ते त्याला ठरवू द्या.

मुक्ता_धातू (मंगळवार, सायंकाळी ६:४०)
या प्रतिसादातल्या प्रत्येक शब्दाशी सहमत. (तारीख नोंदवून ठेवा.)

तिसरी घंटा (गुरुवार, सकाळी १०:००)
दोन दिवस झाले. अडगळ यांचा पत्ता नाही. कुणाकडे नंबर आहे का?

अडगळ (गुरुवार, रात्री ११:०५)
आहे, आहे. हात जागेवर आहेत.

आज सकाळी दुरुस्तीवाले स्वतः आले. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी आधी गज घालून माझं माप पुन्हा घेतलं, मान हलवली, निपलमधून आणि तोंडातून कसलंसं तेल सोडलं आणि दोन तास नुसते बसून राहिले. मग गजाच्या टोकाला मळसूत्रासारखी दुहेरी कडी लावली आणि बाजूला उभं राहून फिरवत फिरवत आत घातली. पहिल्यांदा आला कागदाचा बोळा, तपकिरी, हाताला लागताच चुरा. मग नळी तिरपी केल्यावर छर्रे, मोजले तर एकतीस, पांढरी बुरशी धरल्यासारखे. मग कापडाचा बोळा. निळ्या चौकडीचं कापड, अजून रंग कळत होता. आणि शेवटी काळा खडा, खरवडून काढावा लागला.

त्या खड्याचा आतला भाग तेल न लागलेला, कोरडा होता. त्यांनी त्यातली चिमूटभर अंगणात फरशीवर ठेवली आणि लांब काडीने पेटवली. भस्स. पांढरा धूर, आणि रंजकराव, तुम्ही लिहिलं नव्हतंत तो वास, कुजक्या अंड्यासारखा.

रंजक (गुरुवार, रात्री ११:२०)
तो वास आमच्या न्हाणीघरात दर महिन्याला असतो. नळी कढत पाण्याने आणि साबणाने धुतली की पहिलं पाणी शाईसारखं येतं आणि घरचे घर सोडतात. त्याच रात्री धुवावीच लागते, सकाळी तांबूस गंज दिसतो.

अडगळराव, ठीक आहात हे वाचून बरं वाटलं.

इतिहासवेडा (शुक्रवार, सकाळी ७:१५)
नळी रिकामी झाली तर आटे दिसले का?

अडगळ (शुक्रवार, सकाळी ८:३०)
नाहीत. आतून गुळगुळीत. दुरुस्तीवाले म्हणाले, मुळात बिनआट्यांची की कुणी नंतर छर्ऱ्यांसाठी आतून घासून घेतली, ते आता सांगणं कठीण. पट्टीवरचं साल असतं तर मदत झाली असती. (नानाकाका, बोलू नका.)

बुडाशी मुक्ताताई म्हणतात तसे खड्डे आहेत, कॅमेऱ्यात दिसले. त्यामुळे ‘उडवावी का’ याचं उत्तर मिळालं. ही नाही.

आता एक जे पहिल्या दिवशी लिहिलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत आम्ही सहा भावंडं या बंदुकीने खेळायचो. आजोबा भिंतीवरून काढून द्यायचे, ‘हिच्यात काही नाही रे’ म्हणून. घोडा ओढायला दोघं लागायची. एकाने नळीसमोर उभं राहायचं, दुसऱ्याने चाप ओढायचा, खट् झालं की समोरच्याने पडायचं. मी धाकटा म्हणून बहुतेक वेळा पडायचा नंबर माझा. काल त्या निळ्या चौकडीच्या तुकड्याचा फोटो मोठ्या बहिणीला पाठवला. ती म्हणाली, आजीच्या लुगड्याचा नाही हा, आजोबांच्या उपरण्याचा आहे. पुढे काही बोलली नाही. मीही नाही.

सखू_ऑनलाइन (शुक्रवार, सकाळी ८:४१)
...

नानाकाका (शुक्रवार, सकाळी ९:१०)
त्यांना खरंच वाटत असेल बाळा, काही नाही म्हणून. भरणारा विसरला की ती भरलेली आहे हे जगात कुणालाच ठाऊक नसतं.

उंटावरचा शहाणा (शुक्रवार, सकाळी ९:३०)
मृत्युपत्राचा विनोद मागे घेतो.

मग आता? हौस तशीच राहिली की.

रंजक (शुक्रवार, दुपारी १:१०)
हौसेसाठी प्रतिकृती असतात. नव्या पोलादाच्या, दाबाची चाचणी केलेल्या, नळीवर चाचणीचा ठसा असलेल्या. भरणं तेच, धूर तोच, वासही तोच. आमच्याकडे आलात तर माझी देतो, पण धुवायची तुम्ही.

मुक्ताताई, माझ्या १८६० वालीचं बूड पुन्हा उघडून घेतोय. फक्त सांगून ठेवतो.

मुक्ता_धातू (शुक्रवार, दुपारी १:४५)
क्ष-किरण फोटोही काढून घ्या. खर्च होईल तो होऊ द्या. निकाल इथे टाका, मी चुकले असेन तर लिहीन तसं.

अडगळ (शुक्रवार, रात्री १०:२०)
रंजकराव, येतो. धुवेनही.

बंदूक पुन्हा भिंतीवर गेली, जरा उंचावर, कडीकुलपात. गजावर दुरुस्तीवाल्यांनी ‘रिकामी’ची खूण कोरून दिली आहे. आज दिवसभरात दोनदा काढून घालून बघितला. दोन्ही वेळा खुणेपर्यंत गेला.